साळवे मॅडमची दुसरी बाटली

साळवे मॅडम फोनवर कधी 'हॅलो' म्हणाल्या नाहीत. फोन उचलला की त्यांचं वाक्य मधूनच सुरू व्हायचं. "...म्हणजे पट्ट्यांमधलं अंतर सारखं नाय, खालच्या अंगाला जास्त हाय." आपण नुकताच पहिला घास घेतलेला असायचा, ताटात भाजी निवत असायची, आणि कुठल्या पट्ट्या, कसलं अंतर, हे विचारायच्या आत "बघून घ्या" म्हणून फोन बंद. माझी बायको सुनीता माझ्या ताटावर दुसरं ताट पालथं घालायची आणि म्हणायची, "जा आता. जेवण काय, उद्यापण होईल." ती हे प्रेमानं म्हणत नसे.

मी इथं संभाजीनगरात एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मॅडम त्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. एका आवारात बरीच वर्षं काढूनही आमची ओळख नव्हती. ती झालीच नसती तर माझं रक्तदाब मोजायचं यंत्र आज कपाटात पडून राहिलं असतं.

ओळख झाली ती अशी. एका दुपारी प्रॅक्टिकल संपवून मी टेबलं आवरत होतो. दारात एक बाई उभ्या. साडी वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यात स्कूटीचं हेल्मेट तसंच. एका हातात हिरव्या पाण्याची बाटली आणि बगलेत झटका मशीन. आमच्याकडं रानडुकरांपासून पीक राखायला शेताभोवती तार ओढतात आणि तिला हे मशीन जोडतात. तारेला अंग लागलं की जनावर मरत नाही, पण पुन्हा त्या बांधाकडं फिरकत नाही.

"हे भावाच्या शेतातून आणलंय, देवगाव रंगारीहून," नाव-गाव काही न सांगता बाई म्हणाल्या. "ह्याचा झटका लई लांब हाय. मला बारीक पाहिजे."

"कशासाठी?"

त्यांनी बाटली वर धरली. "ह्यांच्यासाठी."

बाटलीत स्पिरुलिना होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक बारीक दोऱ्यांचं शेवाळ, गोळ्या करून विकतात ते. मॅडमनी हेल्मेट न काढताच स्टूल ओढलं आणि मला समजावून सांगितलं. त्यांचं ते सांगणं मला अजून पाठ आहे, कारण पुढं ते मी शंभर वेळा ऐकलं.

"ह्या पेशीच्या आत निळा रंग हाय. खाण्यातला, खरा. आइस्क्रीमात, गोळ्याबिस्किटांत घालतात. आता लोक काय करतात, पेशी दळतात, नायतर गोठवून फोडतात. निळं येतं बाहेर, पण त्याच्यासंगं हिरवं येतं, चिकट येतं, सगळा राडा येतो. मग बसा तो राडा गाळत. मला पेशी फोडायचीच नाय. तिच्या पडद्याला फक्त बारीक भोकं पाडायचीत. विजेचा झटका असा द्यायचा की सुरू झाला कधी न संपला कधी, कळू नये. निळं पाण्यात विरघळणारं हाय, ते भोकातून झिरपत येईल बाहेर. हिरवं आत राहील."

"पण भोकं पडतात हे कशावरून?" मी विचारलं.

मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "हे विचारलंत ते बरं केलंत. जगात करतात लोक. आपल्याकडं होतंय का, ते आपण बघायचं."

'आपण' हा शब्द मी तिथंच अडवायला हवा होता. पण त्या संध्याकाळी मी घरी जाऊन कागदावर चौकटी काढत बसलो, आणि त्यानंतरचे माझे रविवार कुठं गेले ते माझ्या घरच्यांना विचारा.

मशीन दिसायला साधंच होतं. स्टीलच्या दोन पट्ट्या, त्यांच्या फटीतून हिरवं पाणी हळूहळू वाहणार, आणि पट्ट्यांवर मी मोठ्या दाबाचे अगदी क्षणिक झटके सोडणार. लिहायला एका वाक्यात बसलं. करायला गेलो तर पहिल्याच दिवशी फाडकन ठिणगी उडाली, मधली काचेची नळी तडकली आणि आमच्या इमारतीची लाईट गेली. हे शेवाळ सोड्याच्या, मिठाच्या पाण्यात वाढतं. खारं पाणी वीज इतकी धो धो वाहू देतं की पेशीपर्यंत झटका पोचतच नाही, नुसतं पाणी तापतं, नाहीतर ठिणगी पडते. त्या दिवसापासून मशीन चालू असताना मॅडमचं हेल्मेट डोक्यावर असायचं. मलाही त्यांनी एक आणून दिलं होतं, लाल रंगाचं, त्यांच्या पुण्याच्या मुलाचं. दोघं प्राध्यापक हेल्मेट घालून एका बाटलीकडं बघत बसलेत, हे दृश्य बघायला मुलं खिडकीशी यायची.

खारं पाणी चालत नाही म्हटल्यावर शेवाळ आधी गोड्या पाण्यानं धुवायचं ठरलं. आता आमच्या शहरात पाण्याचं काय आहे, ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. नळ यायचा दिवस घराघरांत सणासारखा लक्षात ठेवतात. कॉलेजात प्यायला जार विकत यायचे. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर, परीक्षेचं काम चालू असताना, स्टाफरूममधले सगळे जार रिकामे निघाले. प्रयोगशाळेतले हमीदभाई दारात येऊन उभे राहिले, कपाळाला हात लावून.

"सर, मैं क्या करूं? मॅडम बोले, जारां लाओ. मैं समझा मेहमान आयेले हैं."

"मेहमान कुठायत?"

"बाटलीमें!"

सगळा स्टाफ माझ्यावर धावून आला, कारण मॅडमवर धावून जायची कुणाची छाती नव्हती. मी तावातावानं पलीकडच्या इमारतीत गेलो. मॅडम कापडातून हिरवं गाळत होत्या.

"मॅडम, माणसं तहानेली बसलीत तिकडं."

"माणसं घरून बाटली आणू शकतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "ह्यांना कोण आणून देणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटीवर पुढं एक, मागं एक असे जार स्वतः आणून स्टाफरूममध्ये ठेवले. माफी मात्र मागितली नाही. उलट प्रत्येकाला थांबवून सांगितलं की पाणी वाया गेलेलं नाही, धुणं चांगलं झालं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. मला खरा त्रास झाला तो त्यांच्या एका प्रश्नाचा. "नसतं केलं तर?"

प्रयोगाच्या बाबतीत हा प्रश्न बरोबरच होता, मी नाही म्हणत नाही. आम्ही एक बाटली मशीनमधून काढली, की मॅडम दुसरी तशीच बाटली घ्यायच्या. तेच शेवाळ, तेच धुणं, त्याच पट्ट्यांमधून वाहू द्यायचं, फक्त माझा स्विच बंद. मग दोन्ही शेजारी ठेवायच्या. झटका दिलेली निळी झाली आणि न दिलेली झाली नाही, तरच मशीननं काम केलं म्हणायचं. सोपं आहे. पण त्यामुळं प्रत्येक गोष्ट दोनदा. धुणं दोनदा, गाळणं दोनदा, थांबणं दोनदा. आणि दुसऱ्यांदा करायचं ते न होण्यासाठी करायचं. माझ्यासारख्या स्विच दाबून दिवा लावणाऱ्या माणसाला हा सासुरवासच होता.

बरं, तो प्रश्न प्रयोगशाळेत राहिला असता तर ठीक. तो त्यांनी गावभर नेला. उपप्राचार्यांच्या सौभाग्यवती कुठल्याशा तेलानं गुडघे बरे झाल्याचं कौतुकानं सांगत होत्या. मॅडम म्हणाल्या, "तेल नसतं लावलं तर?" त्या बाईंना वाटलं, मॅडम काळजीनं विचारतायत. मग खुलासा झाला आणि पुढं वर्षभर दोघींचं बोलणं बंद. माझी मुलगी मुक्ता बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. मी पेढे घेऊन गेलो, म्हटलं, "क्लासचा फार उपयोग झाला." मॅडमनी पेढा तोंडात टाकला, चावला, गिळला आणि विचारलं, "क्लास नसता लावला तर किती पडले असते?" मी घरी येऊन सुनीताला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना पेढे द्यायला तुम्ही गेलाच कशाला?" मुक्ता मात्र बराच वेळ विचार करत बसली आणि म्हणाली, "बाबा, तेवढेच पडले असते." मला त्या दिवशी मॅडमचा आणि मुक्ताचा, दोघींचाही राग आला.

मॅडमचं घर शहरातल्या छावणी भागात होतं. दोन खोल्या आणि वर गच्ची. यजमान लवकर गेलेले, मुलगा नोकरीला पुण्यात. बैठकीत भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली टेबलावर लोकरीच्या विणलेल्या झाकणाखाली मायक्रोस्कोप. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी ते झाकण निघायचं. पाहुण्याला एक डोळा मिटून आत बघावं लागायचं, आणि "काय दिसलं?" याचं उत्तर दिल्याशिवाय चहा मिळत नसे. "छान आहे" हे उत्तर चालत नसे.

आता ज्या दिवसावरून माझं डोकं अजून तापतं त्या दिवसाचं सांगतो.

बरेच महिने खपल्यावर मशीन नीट चालायला लागलं होतं. निळं निघत होतं आणि दुसरी बाटली जशीच्या तशी राहत होती. प्राचार्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी बोरा शेठना बोलावलं. शेठचा इथल्याच औद्योगिक वसाहतीत खाण्याचे रंग आणि इसेन्स करायचा कारखाना. त्यांना खऱ्या निळ्याची गरज होती. पसंत पडलं तर ते कॉलेजला पैसे देणार होते. आम्हाला मोठ्या टाक्या मिळणार होत्या, मशीन मोठं होणार होतं आणि मॅडमना निवृत्तीनंतरही काम करता येणार होतं. निवृत्ती तोंडावर आली होती. मी नवा शर्ट घातला होता.

मे महिना. मॅडमनी सकाळी लवकर शेवाळ धुऊन तयार ठेवलं. शेठ सकाळी यायचे ते उशिरा आले. आले तर प्राचार्यांचं प्रास्ताविक. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग शेठसोबत आलेल्या मॅनेजरची शाल. मग कॉलेजच्या प्रगतीचा आढावा. मॅडम दारात उभ्या राहून नुसत्या घड्याळाकडं बघत होत्या. धुतलेलं शेवाळ खिडकीपाशी टेबलावर ठेवलेलं, आणि आमच्या खिडक्यांना मे महिन्यात पडदे असून नसून सारखेच.

शेवटी सगळे आले. मी झटके दिले. मशीननं बारीक टकटक केली आणि हिरवं पाणी होतं तसंच पलीकडून बाहेर आलं. शेठचा चेहरा पडला. प्राचार्य म्हणाले, "वेळ लागतो, झिरपायला वेळ लागतो. तोवर जेवून घेऊ." जेवून आल्यावर मॅडमनी ते कापडातून गाळलं. खालच्या काचेच्या भांड्यात निळं उतरलं. असं निळं की सगळे टेबलाभोवती गोळा झाले. शेठनी भांडं उचलून उन्हाकडं धरलं.

"वा! वा, मॅडम! ये तो कमाल है." ते प्राचार्यांकडं वळले. "साहेब, आपण पुढचं बोलू. मला हे पाहिजे."

प्राचार्यांनी माझा हात दाबला. मी हमीदभाईंकडं पाहिलं. ते हसत होते. आणि त्या हसऱ्या खोलीत साळवे मॅडम कोपऱ्यातल्या टेबलाकडं गेल्या आणि दुसरी बाटली घेऊन आल्या.

त्या काय करणार ते मला कळलं. मी डोळ्यांनी खुणावलं, नको. त्यांनी पाहिलं आणि दुसरं कापड भांड्यावर पसरलं. झटका न दिलेलं हिरवं त्यांनी गाळलं. तेही निळं उतरलं. पहिल्याइतकंच निळं. दोन भांडी अदलाबदल केली असती तर ओळखू आली नसती.

मॅडमनी दोन्ही भांडी शेजारी ठेवली. मग म्हणाल्या, "शेठ, आज निघालेलं हे मशीननं निघालेलं नाय. पेशी आधीच फुटल्या व्हत्या."

प्राचार्य पुढं झाले. "मॅडमच्या म्हणण्याचा अर्थ असा की..."

"माझ्या म्हणण्याचा अर्थ मी म्हटलं तोच हाय, सर. कशानं फुटल्या ते मला माहीत नाय. शोधावं लागंल."

शेठनी भांडं खाली ठेवलं. ते सभ्य माणूस होते, रागावले नाहीत. "शोधा, मग कळवा," म्हणाले, शाल मॅनेजरच्या हातात दिली आणि गेले.

व्हरांड्यात मी मॅडमना गाठलं. माझा आवाज चढलेला होता. "हे उद्या सांगता आलं नसतं? आपल्याला माहितीय मशीन चालतं! कितीदा चाललंय!"

"आज नाय चाललं."

"एक दिवस! एक दिवस गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"उद्यापर्यंत त्यांनी पैसे दिले असते, सर." मॅडमचा आवाज बारीक झाला होता. "मग सांगायला लई जड गेलं असतं."

त्या पुढं गेल्या. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला होता. एरवी त्या कधी कठडा धरत नसत. मला ते दिसलं, पण माझा राग गेला नाही. खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी एक फोन करून हेच सांगता आलं असतं, असं मला आजही वाटतं.

महिनाभरात ती खोली परीक्षा विभागाकडं गेली. मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला प्राचार्य दहा मिनिटं बोलले, त्यात शेवाळाचं नाव नव्हतं. मशीन अडगळीत जायला निघालं होतं, ते मॅडमनी आणि हमीदभाईंनी रिक्षात घालून छावणीला नेलं. मी गेलो नाही. मी सुनीताला म्हटलं, "सुटलो." तिनं त्या दिवशी माझ्या आवडीची वांगी केली आणि आम्ही ती गरम गरम खाल्ली.

वर्ष फिरून उन्हाळा आला आणि एका सकाळी फोन. "...तर सत्कारानं मारलं."

"कुणी? कुणाला?"

"सत्कारानं. या."

मी जाणार नव्हतो. गेलो. गच्चीवर हिरवी जाळी ताणलेली, तिच्याखाली प्लॅस्टिकच्या टबांत शेवाळ, आणि मॅडम हेल्मेट घालून बसलेल्या. निवृत्तीनंतरचे सगळे महिने त्यांनी त्या एका दिवसावर घालवले होते. खाऱ्या पाण्यात वाढलेली पेशी निव्वळ गोड्या पाण्यात टाकली की पाणी आत घुसून ती फुगते. थंडाव्यात आणि लगेच मशीनमध्ये गेली तर निभावतं. पण धुऊन उन्हात ताटकळत ठेवली की आपली आपणच फुटते. प्राचार्यांचं प्रास्ताविक चालू होतं तेव्हा ती फुगत होती आणि दुसरी शाल दिली तेव्हा फुटली होती. मॅडमनी आता धुवायच्या पाण्यात चिमूटभर मीठ ठेवलं होतं, ठिणगी पडू नये इतकं कमी आणि पेशी फुगू नये इतकं पुरेसं. ती चिमूट किती, हे शोधण्यातच दिवस गेले होते.

कठड्यावर दोन बाटल्या होत्या. एकीतलं गाळलेलं पाणी जवळपास स्वच्छ. दुसरीतलं निळं. मॅडमनी ती निळी कोवळ्या उन्हात धरली आणि तिरकी केली, तर कडेला लालसर झाक उठली, जांभळाच्या सालीवर असते तशी.

"शुद्ध असलं की असं दिसतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीचं असं नव्हतं. बघितलं नाय तुम्ही."

खरंच मी बघितलं नव्हतं. मी खिशातून फोन काढला. "बोरा शेठना लावतो."

"नाय."

"आता का नाही?"

"ही उन्हाळ्यातली पेशी हाय. पावसाळ्यात कसं होतंय बघू. मग थंडीत."

"मॅडम, तोवर शेठ थांबतील का?"

"नाय थांबले तर नाय थांबले. थंडीत नाय चाललं तर थंडीत ते काय विकतील?"

मी जिना उतरताना मोठ्यानं बोलत होतो. शेजारची बाई दारात आली, तिला वाटलं भांडण झालं. झालंच होतं, पण एकट्याचं.

पावसाळा गेला. हिवाळा गेला. थंडीत निळं निम्मंच निघतं असं दिसलं. मग परवानगी मिळाली आणि मी शेठना फोन केला. "जाधव सर, आमचं मशीन दिवाळीतच बसलं की," ते म्हणाले. "दळायचं. बाहेरून आणलं." मी थेट छावणीला गेलो.

"गेलं. तुमच्या पावसाळ्यानं आणि तुमच्या थंडीनं गेलं. आता बसा."

मॅडम टबातलं शेवाळ ढवळत होत्या. ढवळणं थांबलं नाही. पण हिरवं पाणी टबाच्या काठावरून सांडत होतं, आणि त्यांच्या हातून एरवी एक थेंब सांडत नसे. मी खाली बसलो. थोड्या वेळानं मीच म्हटलं, "थंडीत टबाखाली पाणी कोमट ठेवलं तर?" आणि आम्ही पुन्हा सुरू झालो. या बाईनं माझं हे असं करून ठेवलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात बोरा शेठ स्वतः छावणीच्या त्या अरुंद जिन्यानं धापा टाकत गच्चीवर आले. दळलेल्या निळ्याला हिरवी छटा येत होती आणि कुल्फीला मासळीचा वास लागत होता. माल परत येत होता.

"मॅडम," ते पालथ्या बादलीवर बसत म्हणाले, "ते दळायचं मशीन घ्यायच्या आधी चार जण आले होते माझ्याकडं. चौघांचंही मशीन फर्स्ट क्लास चालतं म्हणे. माझ्यासमोर न चाललेलं मशीन फक्त तुम्ही दाखवलंत. तेवढ्यासाठी जिना चढलो."

दुसरी एखादी बाई इथं हसली असती. मॅडमनी त्यांना आधी मायक्रोस्कोपात बघायला लावलं. मग थंडीत किती कमी निघतं ते सांगितलं. मग पाणी बदललं की काय होतं, पट्ट्या किती लवकर खराब होतात, कुठल्या वेळी पूर्ण फसलं. शेठ ऐकत होते, घाम पुसत होते. शेवटी ते माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, "ह्यांना द्यायचंय ना नक्की?"

"द्यायचंय, शेठ."

"नेहमी असंच?"

"नेहमी."

ते पोट धरून हसले. त्यानंतरच मॅडमनी त्यांना निळी बाटली दाखवली.

मोठं मशीन कारखान्यात उभं राहायला बराच काळ गेला. त्या काळात मॅडम रोज तिथं जायच्या आणि तिथल्या इंजिनिअरांना दुसऱ्या बाटलीचा नियम लावायच्या. शेठचा मॅनेजर मला फोन करायचा. "सर, तुमच्या मॅडम प्रत्येक घाण्याबरोबर एक बिनझटक्याचा घाणा काढायला सांगतात. आम्ही धंदा करायचा का शाळा चालवायची?" मी त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचो. इतक्या वर्षांनी दुसरं कुणीतरी वैतागलेलं ऐकताना माझं जेवण गोड लागायचं. शेवटी त्यानं नियम मान्य केला. मान्य केल्याशिवाय त्या घरी जात नव्हत्या.

उद्घाटनाला शेठनी आमच्याच निळ्यानं रंगवलेल्या कुल्फ्या वाटल्या. फीत मॅडमनी कापावी असं ठरलं होतं. नाव पुकारलं तेव्हा त्या जागेवर नव्हत्या. आत मशीनपाशी गुडघ्यांवर बसून पट्ट्यांमधली फट बघत होत्या. त्यांना हाताला धरून आणावं लागलं.

तीच आमची शेवटची भेट. त्यानंतर त्या घर बंद करून भावाकडं देवगावला गेल्या. फोन येत राहिले, मधूनच सुरू होणारे. पुढच्या थंडीत छातीत दुखायचं निमित्त झालं आणि तिथंच गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

पण मला त्या दिसतात त्या उद्घाटनाच्या दुपारी, कारखान्याच्या फाटकाबाहेर रिक्षात बसताना. मला वाटलं होतं, आज तरी म्हणतील, सर, आपण केलं. रिक्षा सुरू झाली. त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर थापटून ती थांबवली, बाहेर वाकल्या आणि माझ्यावर बोट रोखलं.

"जाधव सर, ती फट सारखी नाय! डाव्या अंगाला जास्त हाय! मी त्यांना सांगितलं, त्यांनी नुसती मान हलवली. तुम्ही उद्या जाऊन मोजा. मोजल्याशिवाय हो म्हणू नका. कळलं का?"

त्या अगदी तळमळून बोलत होत्या, आणि त्यांचे ओठ, दात, जीभ, सगळं गडद निळं झालं होतं. निदान दोन कुल्फ्या खाल्ल्या असणार. त्यांना पत्ता नव्हता. रिक्षावाला आरशात बघून तोंडावर रुमाल धरून बसला होता. मी "हो, मोजतो" म्हणालो आणि तोंडाचं काहीच सांगितलं नाही. रिक्षा निघाली. वळणावर मॅडम पुन्हा बाहेर वाकल्या आणि त्या निळ्या तोंडानं ओरडल्या, "उद्याच!"